शहरालाही गावकूस असतं

आपल्याकडे धुणंभांडी करायला येणारी बाई कुठे राहते, हे आपल्यापैकी किती जणींना नक्की सांगता येईल? "मानखुर्दला कुठेतरी", "नाल्याच्या पलीकडे", "स्टेशनामागच्या त्या वस्तीत". बस, इतकंच. तिच्या मुलांची नावं आपल्याला ठाऊक असतात. नवरा पितो की नाही, सासू छळते की नाही, गावी शेत किती, हेही बोलण्याबोलण्यात कळलेलं असतं. पत्ता मात्र 'कुठेतरी'! आणि तिच्या आयुष्यातल्या निम्म्या अडचणींचं मूळ नेमकं या 'कुठेतरी'मध्येच आहे.

गरिबी म्हणजे हातात पैसा कमी, असं आपण धरून चालतो. ते खरंच आहे. पण दोन बायकांची मिळकत सारखी असली, तरी एकीचा संसार रडतखडत का होईना पुढे सरकतो आणि दुसरीचा तिथेच रुतून बसतो, असंही दिसतं. दोघी राहतात कुठे हे पाहिलं, की बराचसा उलगडा होतो. जुन्या गावात काही जातींची घरं गावकुसाबाहेर असत. त्यांचं पाणी वेगळं, वाट वेगळी. गाव सोडून शहरात आलं म्हणजे गावकूस मागे राहिलं, अशी पुष्कळांची आशा होती. पण शहरालाही गावकूस असतं. ते दगडविटांचं नसतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही इतकंच.

आपण सगळ्याच बाहेरच्या

झोपडपट्टीचा विषय निघाला, की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हे बाहेरचे लोक येतात आणि शहराची वाट लावतात!" जरा जनगणना उघडून पाहू या. जन्माचं ठिकाण किंवा आधीचं राहण्याचं ठिकाण सोडून जो दुसरीकडे राहतो, तो जनगणनेच्या लेखी स्थलांतरित. आणि आपल्या देशात बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण कोणतं? लग्न! म्हणजे माहेर सोडून दुसऱ्या गावी नांदायला गेलेली तुमच्या-माझ्यातली प्रत्येक जण 'बाहेरची'च. नव्या गावात पहिलं वर्ष कसं जातं, भाजी कुठे स्वस्त मिळते इथपासून सारं कसं शिकावं लागतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की आपण येतो तेव्हा घर तयार असतं. तिला ते पत्र्याचे चार तुकडे जोडून उभं करावं लागतं.

मुंबई तर उभीच राहिली अशा माणसांवर. रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं गिरण्यांत आली. कातडी कमावणारे तामिळनाडूहून आणि कुंभार सौराष्ट्रातून धारावीत आले. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली कुटुंबंच्या कुटुंबं पाठीवर बिऱ्हाड घेऊन आली. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून तर आजही येतात. १९९२-९३च्या दंगलींनंतर शहरातल्या शहरात आणखी एक स्थलांतर झालं: मिश्र वस्तीत राहणारी कितीतरी मुसलमान कुटुंबं घाबरून मुंब्र्याकडे आणि गोवंडीकडे गेली. कुणी पोटासाठी आलं, कुणी जिवाच्या भीतीनं गेलं. पण राहायला जागा कुठे मिळायची, हे यांतल्या कुणाच्याच हातात नव्हतं.

२०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्यांतली ४० टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहत होती. एवढ्या माणसांनी शहराची जमीन किती व्यापली असेल? ढोबळ अंदाज दहा टक्क्यांच्या आसपास सांगतात.

जागा कुणी निवडली?

"इतकी जागा असताना हे कचऱ्याजवळ आणि नाल्याकाठी का राहतात?" असं कुणी विचारलं, तर मुंबईच्या पूर्व टोकाकडे बोट दाखवावं. चेंबूरच्या पुढे गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द, ट्रॉम्बे हा सारा भाग महापालिकेच्या 'एम-पूर्व' विभागात येतो. २००१च्या जनगणनेनुसार या विभागातली दर चारांतली तीन माणसं झोपडपट्टीत राहत होती. २००९च्या मुंबई मानवविकास अहवालात शहराच्या २४ विभागांत सर्वांत खालचा क्रमांक याच विभागाचा लागला.

हे आपोआप घडलं का? घटना क्रमानं पाहा. १९२७पासून शहराचा कचरा देवनारला पडू लागला. १९७१मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवला. त्याच दशकात शहरातल्या निरनिराळ्या झोपड्या उठवून तिथल्या माणसांना कचऱ्याच्या डोंगराशेजारीच शिवाजीनगरला दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे आखून दिले. पुढे रुग्णालयांचा कचरा जाळण्याचा कारखानाही २००९ साली इथेच सुरू झाला. लोकांनी दाद मागितली, तेव्हा २०२३मध्ये उच्च न्यायालयानं तो दोन वर्षांत हलवायला सांगितलं. घरातली नको असलेली वस्तू आपण माळ्यावर टाकतो ना, तसंच शहरानं नको असलेलं सगळं एका टोकाला टाकलं. आणि नको असलेल्या वस्तूंबरोबर नको असलेली माणसंही.

जनता कॉलनीची हकिगत तर ऐकण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात शहराच्या आतल्या भागांतून उठवलेल्या माणसांना महापालिकेनं ट्रॉम्बेकडच्या जागेत बसवलं. तेव्हा तो भाग म्हणजे शहराबाहेरचं रान. लोकांनी जमीन सारखी केली, घरं बांधली, दुकानं काढली. हळूहळू शहर वाढत तिथवर पोचलं, शेजारी अणुशक्ती केंद्राची वसाहत आली आणि ही जागा मोलाची झाली. मग मे १९७६मध्ये, आणीबाणीत, सुमारे सत्तर हजार माणसांची ही वस्ती पाडून सगळ्यांना खाडीलगतच्या दलदलीत, चीता कॅम्पला नेऊन सोडलं. या लढ्यातून पुढे आलेले जोकिन अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या सत्तर हजारांना पुन्हा चिखल बुजवण्यापासून सुरुवात करावी लागली ती लागलीच.

आणि हा प्रकार जुना झाला असं समजू नका. धारावीच्या पुनर्विकासात जे रहिवासी धारावीतच घर मिळण्यास अपात्र ठरतील, त्यांच्या घरांसाठी म्हणून राज्य सरकारनं २०२४मध्ये सुमारे सव्वाशे एकर जमीन मंजूर केली. कुठली? देवनारच्या कचराभूमीची!

संसाराचा हिशेब मांडून पाहा

आपण बायका महिन्याच्या एक तारखेला वही घेऊन बसतो. तीच वही घेऊन या पत्त्याची किंमत काढू या.

आधी पाणी. महापालिकेच्या नळाचं घरगुती पाणी हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत पडतं. पण नळ नाही म्हणून तिनं तीस लिटरचा कॅन पाच रुपयांना विकत घेतला असं धरा. पाच माणसांच्या घराला दिवसाला सहा कॅन, म्हणजे तीस रुपये. महिन्याचे नऊशे. तेवढंच पाणी नळाला आलं असतं, तर पंचावन्न रुपयेसुद्धा लागले नसते. पाणी कमी आणि पैसे सोळापट! श्रीमंताला स्वस्त आणि गरिबाला महाग, असा हा उलटा बाजार.

असं का, तर कायदा. १९९५नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असं सरकारनं १९९६मध्ये ठरवलं होतं. पाणी हक्क समितीनं उच्च न्यायालयात दाद मागितली. वस्ती अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असा निकाल डिसेंबर २०१४मध्ये लागला. महापालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केलं ते मात्र २०२२मध्ये. मधल्या आठ वर्षांत किती हंडे किती जणींच्या कमरेवरून गेले असतील, त्याची मोजदाद कोण करणार?

मग संडास. सार्वजनिक संडासाला माणशी दोन रुपये म्हटले, तर पाच माणसांचे एका वेळचे दहा, महिन्याचे तीनशे. पैशांपेक्षा वाईट गोष्ट पुढेच आहे. रात्री तिथवर अंधारात जायला नको म्हणून पुष्कळ बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात. लघवीची जळजळ, पोटदुखी ही मग नेहमीचीच. डॉक्टर सांगतात, "पाणी भरपूर प्या!" आधी ते विकत घ्या, मग प्या, आणि प्यायलात तर जाणार कुठे?

तिसरा खर्च वेळेचा. काम शहराच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या. आपल्याकडे सातला हजर व्हायचं तर ती उठते कधी? पाण्याची वेळ पहाटेची असली तर तीन-चारलाच. "आज पुन्हा उशीर?" हे आपलं वाक्य त्या सगळ्यानंतर तिच्या कानावर पडतं.

आणि चौथा खर्च प्रकृतीचा. जानेवारी २०१६मध्ये देवनारच्या कचऱ्याला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. धूर शहरभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा कुठे वर्तमानपत्रांचं लक्ष गेलं. वस्तीतल्या बायकांना तो धूर नवा नव्हता. खोकणारं मूल मांडीवर घेऊन त्यांनी अशा कितीतरी रात्री काढल्या होत्या.

पक्कं घर मिळालं, मग झालं ना?

"पण सरकार फुकट घरं देतं ना?" हा पुढचा प्रश्न. देतं, हे खरं. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ साली आली. पात्र कुटुंबाला आधी २२५, पुढे २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचं घर. त्यात एक तरतूद तर फार मोलाची आहे: घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. नवऱ्याच्या मर्जीवर डोक्यावरचं छप्पर अवलंबून राहू नये, म्हणून ही ओळ कुणीतरी शहाण्या माणसानं लिहिली असावी.

मेख आहे ती 'पात्र' या शब्दात. पात्र कोण, तर ठराविक तारखेआधी आलेला. ही तारीख सरकत आली. १९७६ साली झोपड्यांची गणती होऊन फोटोपास मिळाले. मग १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग २०००. २०११पर्यंत आलेल्यांनाही घर मिळतं, पण अडीच लाख रुपये भरून. आणि तारीख सिद्ध करायची ती कागदांनी. मतदारयादी, विजेचं बिल, फोटोपास. पावसात घर वाहून गेलं, आगीत ट्रंक जळाली किंवा पाडापाडीत पिशवी हरवली, तर वीस वर्षांचा संसार कागदावरून पुसला जातो. म्हणूनच वस्तीतल्या बाईला विचारा, घराला आग लागली तर आधी काय उचलशील? मुलाच्या खालोखाल ती कागदांची पिशवी सांगेल.

रेल्वेमार्ग रुंद करण्यासाठी रुळांकडेची हजारो कुटुंबं उठवली, तेव्हा त्यांना मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका अशा वसाहतींत पक्की घरं मिळाली. आत नळ, आत संडास. केवढी मोठी गोष्ट! पण इमारती इतक्या खेटून बांधल्या, की दोहोंमध्ये जेमतेम दहा फुटांची गल्ली. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा. डॉक्टरांच्या एका संस्थेनं अशा वसाहतींची पाहणी करून २०१८च्या सुमारास दाखवून दिलं, की उजेड-वारा जिथे पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर क्षयाचे रोगी अधिक आहेत. माहुलचं तर विचारूच नका. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीतल्या त्या इमारतींत २०१७पासून माणसं नेली. ती आजारी पडू लागली. शेवटी २०१९मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, की तिथे जायची सक्ती करू नका, दुसरीकडे भाड्यानं राहायला पैसे द्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

शेजार नावाची ठेव

सगळे गरीब एकाच जागी कोंबले, की एक गोष्ट हरवते. ती वहीत लिहिता येत नाही. ती म्हणजे शेजार.

गिरगाव-परळच्या चाळी आठवा. खोल्या दहा बाय दहाच्या, संडास सामाईक, भांडणंही रोजची. पण एकाच मजल्यावर गिरणी कामगार, शाळामास्तर, पोस्टातला शिपाई आणि कचेरीतला कारकून. "आमच्या हापिसात जागा निघाल्येय, पोराला पाठवून द्या" असं सांगणारं कुणीतरी भिंतीपलीकडे असे. मॅट्रिकचा फॉर्म भरून देणारं कुणीतरी असे. चाळीतही जातपात होती, तिचं कौतुक नको. पण जिथे दहाच्या दहा घरांत हातावर पोट आहे, तिथे उसने पैसे मागायचे कुणाकडे, आणि नोकरीची खबर आणायची कुणी?

हे नुसतं वाटण्यापुरतं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांतही गरीब, त्यांतही काळे लोक, ठराविक वस्त्यांत कोंडले गेले. तिथे १९९४पासून पाच शहरांत एक प्रयोग झाला. सुमारे ४,६०० गरीब कुटुंबं निवडली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या काहींना बऱ्या वस्तीत भाड्यानं घर घ्यायला मदत दिली. वीस वर्षांनी, २०१५मध्ये, अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुलांचं काय झालं ते पाहिलं. तेरा वर्षांच्या आत ज्यांचा पत्ता बदलला, ती मुलं मोठेपणी इतरांपेक्षा सुमारे ३१ टक्के अधिक कमवत होती! ज्यांचं घर वयाची तेरा वर्षं उलटल्यावर बदललं, त्यांना मात्र हा लाभ झाला नाही. आईबाप तेच, घरची परिस्थिती तीच; लहानपणी शेजार बदलला. मुलाचं वाढतं वय थांबत नसतं, हे आयांना कुणी समजावून सांगायला नको.

फुटपाथवरच्या बायकांनी काय केलं?

आता थोडं उमेद देणारं. १९८१च्या पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरील माणसांना उठवायला सुरुवात झाली. त्यातून उभा राहिलेला ओल्गा टेलिस खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, असं न्यायालयानं जुलै १९८५मध्ये म्हटलं. मात्र नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करायला हरकत घेतली नाही. त्याच वर्षी 'स्पार्क' संस्थेनं भायखळ्याच्या बाजूच्या फुटपाथवरील सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. ही माणसं भिकारी नसून मोलमजुरी करणारी आहेत आणि कामाच्या जवळ राहावं म्हणून रस्त्यावर राहतात, हे त्यातून दिसलं.

पुढे १९८६मध्ये तिथल्याच बायकांनी 'महिला मिलन' सुरू केलं. रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकायचे, गरज पडली की आपल्यातल्याच एकीला कर्ज द्यायचं. या बायका अक्षरशत्रू, पण त्यांनी स्वतःच्या घराचा नमुनाही स्वतःच केला. लाकडी चौकटीला कापड लावून खरंखुरं मापाचं घर उभं केलं. जमीन थोडी मिळणार हे ठाऊक, म्हणून खोलीची उंची मागितली चौदा फूट. आत माळा काढला की एकाच्या दोन खोल्या! आठ माणसांचा स्वयंपाक आणि झोपणं एका जागी सांभाळलेल्या बाईलाच हे सुचू शकतं. पुढे मानखुर्दला त्यांच्या 'मिलन नगर'मध्ये घरं झाली. शहराच्या टोकालाच, पण निदान आपण आखलेली.

आपल्या हातात काय आहे?

प्रश्न एवढा मोठा, आपण काय करणार, असं म्हणून पान उलटू नका. काही गोष्टी आपल्या उंबरठ्याच्या आतल्या आहेत.

महाराष्ट्रात २००८च्या कायद्यानं घरकामगारांसाठी कल्याण मंडळ झालं आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगार बाईला त्यात नाव नोंदवता येतं. त्यासाठी ती कुणाच्या घरी काम करते याचं पत्र लागतं. ते पत्र आपणच द्यायचं आहे. "उगाच कशाला लफडं" म्हणून टाळू नका.

रेशनकार्ड गावाकडचं असलं, तरी अन्नसुरक्षा योजनेतलं धान्य आता देशात कुठल्याही रेशन दुकानावर, आधार जोडलेलं असेल तर, मिळू शकतं. हे तिला ठाऊक आहे का, विचारा.

तिच्या वस्तीत पाणी कधी येतं, हे विचारून कामाची वेळ ठरवा. अर्धा तास उशिरा आली तर आपलं काही अडत नाही. तिचे सहा कॅन वाचतात. आणि ती आली की संकोच न बाळगता आपला संडास तिला वापरू द्या. अजूनही किती घरांत हे चालत नाही, हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटची गोष्ट जरा कठीण. सोसायटीच्या सभेत "समोरच्या प्लॉटवर झोपडीवाल्यांच्या इमारती नकोत" असा ठराव येतो. भाडेकरूला आधी आडनाव विचारलं जातं, मग "खाता काय?" असं. अशा सभेला आपण पुष्कळदा नवऱ्याला पाठवतो किंवा गेलो तरी गप्प बसतो. गावकूस उभं राहतं ते अशाच सभांमधून, हात वर करून. पुढच्या वेळी जाऊन बसा. आपलं घर सकाळी ज्यांच्या हातांनी लखलखीत होतं, त्यांनी रात्री हाकेच्या अंतरावर राहिलेलं चालेल की नाही, हा प्रश्न तिथे विचारायचा आहे, आणि तो आपण विचारायचा आहे.